सरांची भीती

सर भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलते आहे असं कुणाला वाटायला नको. डिपार्टमेंटमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ते स्वतःच सांगत. मला त्यांनी सांगितलं ते कँटीनच्या रांगेत. हातात ट्रे, त्यावर भात आणि वांग्याची भाजी, आणि डोळे वर, छताला लटकणाऱ्या मोठ्या पंख्याकडे.

"पंख्याखाली बसायचं नाही," ते म्हणाले. "तू पुण्याची ना? मी भित्रा माणूस आहे. माझ्याबरोबर काम करायचं म्हणजे हे सगळं आलं. चालेल ना?"

मला सिंगापूरला येऊन थोडेच महिने झाले होते. नवऱ्याच्या नोकरीमागे आले, सेंगकांगला फ्लॅट घेतला, मुलगी लहान. मी शिकले कॉम्प्युटर, आणि नोकरी लागली ती हाडांची: हाडांचे शेकडो फोटो काढायचे आणि त्यांतून स्क्रीनवर फिरवून बघता येईल अशी त्यांची हुबेहूब प्रतिमा तयार करायची. हाडं सरांची होती, म्हणजे सरांनी पूर्व आफ्रिकेतून अभ्यासासाठी आणलेल्या प्रतिकृती. माणूस अजून धड माणूस झाला नव्हता तेव्हाची, लाखो वर्षांपूर्वीची. इतर लोक त्या हाडांवरून उंची काढत, चाल काढत, मेंदूचा आकार काढत. सर त्यांवरच्या दातांच्या खुणा बघत. कुणी खाल्लं, कुठून धरलं, ओढत नेलं की जागीच फोडलं, एवढाच त्यांचा विषय.

"आपण शिकारी वगैरे फार उशिरा झालो गं," ते म्हणत. "त्याआधी फार मोठा काळ आपण खाणं होतो. दुसऱ्याचं."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात कवटीचा एक तुकडा दिला. अर्थात साच्यातून काढलेला. लहान मुलाची कवटी. मागच्या बाजूला दोन भोकं, शेजारी शेजारी.

"करंगळी घाल त्यात."

मी घातली. बोट अलगद बसलं.

"बिबट्याचे सुळे. डोकं तोंडात धरून झाडाकडे नेलं असणार. मूल साधारण तुझ्या मुलीएवढं."

मी बोट काढून घेतलं. सर माझ्याकडे नाही, माझ्या मानेकडे बघत होते.

"आले ना केस उभे? ते आपल्याकडचं सगळ्यात जुनं यंत्र आहे. चालू ठेव. सिंगापुरात बंद पडतं ते."

सिंगापूरची त्यांना खरंच काळजी वाटे. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, लोक टेबल धरायला टिश्यूचं पाकीट, कधी चक्क फोन ठेवून जेवण आणायला जातात, हे बघून ते अस्वस्थ होत. चोरीची भीती नव्हती त्यांना. इतकी निर्धास्त माणसं एका जागी जमलेली त्यांना बघवत नसत. ते स्वतः एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर पाठ भिंतीला टेकवून उभे राहत, दारांपुढे काचा असूनही. ढग गडगडला की छत असलेल्या वाटेवरून पाऊल बाहेर टाकत नसत, मग मीटिंग चुकली तरी चालेल. बिशानला नवव्या मजल्यावर राहत होते, तरी बूट घालण्याआधी ते उलटे करून जमिनीवर आपटत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, हसत. "नवव्या मजल्यावर विंचू लिफ्टनं येणार का हो?" सर बूट आपटतच म्हणत, "येणार नाही असं त्यानं कुठं सांगितलंय?"

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. उंच, गोऱ्यापान, रोज सकाळी तलावात पोहून येणाऱ्या. झुरळ त्या चपलेनं नाही, हातानं मारत. मूलबाळ नव्हतं. दोघांची जोडी कशी जमली असेल असा प्रश्न पडावा, पण त्यांच्या घरी जेवायला बसलं की तो पडत नसे. सर मासे खाताना काटा अडकेल म्हणून घास मोडून मोडून बघत, आणि काकू बोलता बोलता त्यांच्या ताटातला मासा स्वतःकडे ओढून साफ करून परत ठेवत.

आणि सरांचा फोन. त्यांच्याकडून कुणीही निघालं की तासाभरात फोन येई. "पोचलीस का?" एवढंच. पोचले म्हटलं की बंद. बिशानहून सेंगकांगला जाताना माझ्यावर काय संकट येणार होतं, हे त्यांनाच ठाऊक. मी कधी फोन उचलला नाही, तर माझ्या नवऱ्याला जाई. तोही नाही उचलला, तर काकूंचा मेसेज येई: ‘ह्यांना एकदा सांग गं, जेवायला बसत नाहीयेत.’

असा माणूस दर वर्षी उत्तर केनियाच्या रखरखीत माळावर तंबू टाकून महिना महिना राहत असे, हे कुणाला खरं वाटत नसे. मलाही, मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तोपर्यंत, वाटत नव्हतं.

विमानात त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. नैरोबीहून पुढचा प्रवास जीपनं. रस्ता संपून वाळू लागली तसे ते गप्प होत गेले. कॅम्पवर पोचल्यावर जीपचं दार उघडून त्यांनी आधी मोठी काळी छत्री बाहेर काढली, तिच्या टोकानं जमीन ठोकली, आजूबाजूला नीट बघितलं, मग एक पाय खाली टाकला. कॅम्पची व्यवस्था बघणारा मुटुआ त्यांना बरीच वर्षं ओळखत होता. तो हसला नाही. सर उतरेपर्यंत दार धरून उभा राहिला.

तिथं कळलं की सगळ्यात जास्त हाडं सरांनाच सापडतात. इतर लोक ताठ मानेनं, क्षितिज बघत, गप्पा मारत चालत. सर साप असेल म्हणून जमिनीवरची नजर काढत नसत. प्रत्येक दगडाशी थांबत, छत्रीनं तो हलवत, आणि दहातला एक दगड दगड नसे.

"तुम्हाला एवढी भीती वाटते, तर येता कशाला?" मी एकदा विचारलं. आम्ही चहा पीत होतो. त्यांच्या शर्टाच्या आत गळ्यात शिट्टी होती, ती ते बोटांनी चाचपत होते.

"ही हाडं ज्यांची आहेत ना," ते म्हणाले, "त्यातली बरीचशी घाबरलेली असताना मेली. त्यांच्याकडे बघायला कुणीतरी घाबरलेलंच यायला हवं. धीट माणसाला काय दिसणार? त्याला हाड दिसतं."

त्या वर्षी दुसऱ्या आठवड्यात मी हरवले.

माझं काम ड्रोननं वरून फोटो काढायचं. भर दुपारी वारा सुटला आणि ड्रोन एका टेकाडापलीकडे उतरला. इथंच तर आहे, म्हणून मी आणायला गेले. पाण्याची बाटली जीपजवळच राहिली. टेकाडापलीकडे घळ होती, तिच्यापुढे दुसरी, सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या. ड्रोन सापडला. परत वळले तर टेकाड कुठलं ते कळेना. एकावर चढले, पलीकडे जीप नव्हती. दुसऱ्यावर चढले. हाक मारली, तर माझाच आवाज इतका लहान निघाला की पुन्हा मारावीशी वाटली नाही.

उन्हानं डोकं बधिर झालं तशी मी एका घळीत, कडेच्या वीतभर सावलीत बसले. तिथं शेळीचं मुंडकं पडलं होतं. ताजं. माश्या होत्या. समोर काटेरी झुडपांची जाळी होती. आणि एकदम माश्यांचा आवाज सोडून सगळे आवाज थांबले. जाळीत काही हललं असं मी म्हणणार नाही. काही दिसलंही नाही. फक्त माझी मान गार पडली, एवढ्या उन्हात, आणि मला कळलं की आपल्याकडे कुणीतरी बघतं आहे. उठून पळावं असं वाटत होतं आणि पाय नव्हतेच. मुलीचं तोंड आठवायचा प्रयत्न केला, आठवेना. त्या कवटीची भोकं आठवली.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग शिट्टी ऐकू आली. लांबून, मग जवळून, तुटक तुटक, फुंकणाऱ्याला दम पुरत नसल्यासारखी. मी ओरडले. घळीच्या तोंडाशी सर आले. एकटे. एका बुटाची नाडी सुटलेली, तोंड पांढरं, हातात छत्री. त्यांनी माझ्याकडे बघितलं, शेळीकडे बघितलं, मग जाळीकडे. तिथं त्यांची नजर थांबली.

"मागे वळू नकोस," ते अगदी हळू म्हणाले. "माझ्याकडे बघत ये. पळायचं नाही. बोलत ये."

"काय बोलू?"

"काहीही. पाढे म्हण."

मी बेचा पाढा म्हणत त्यांच्याकडे चालत गेले. सरांनी छत्री उघडली, समोर ढालीसारखी धरली, आणि मला पाठीशी घेऊन ते एक एक पाऊल मागे सरकू लागले. छत्री थरथरत होती. त्यांचा शर्ट मी मुठीत धरला होता, तो घामानं चिंब होता. असे आम्ही घळीतून बाहेर आलो, टेकाडाला वळसा घातला, आणि जीप दिसली, इतकी जवळ की मला रडू आलं. जीपशी पोचल्यावर सर ओकले. मग बाटली घेऊन चाकाला टेकून बसले. बाटलीचं बूच त्यांना उघडेना. मी उघडून दिलं. आधी त्यांनी मला प्यायला लावलं.

मागाहून मुटुआनं सांगितलं, की मी जेवायला वेळेवर आले नाही तेव्हा सगळे म्हणाले, येईल. सर उठून उभे राहिले. थोडा वेळ बघू, असं सगळे म्हणाले. सर तोपर्यंत चालू लागले होते. मुटुआ दुसऱ्या बाजूनं शोधत होता. दुसऱ्या दिवशी तो घळीत जाऊन आला. वाळूत बिबट्याचे पंजे होते, जाळीपासून मी बसले होते तिथपर्यंत आलेले.

"तुम्हाला दिसला होता?" मी सरांना विचारलं.

"शेपटी," ते म्हणाले, आणि तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

त्यानंतर मी सिंगापुरात भिंतीला पाठ लावून उभी राहू लागले. माझी मुलगी ईरा सरांकडे आठवड्यातून एक दुपार असे. अख्ख्या सिंगापुरात तिला ठेवायला याहून सुरक्षित जागा नाही, असं मी नवऱ्याला सांगे, आणि ते खरंच होतं. रस्ता ओलांडताना सर तिचा हात मनगटाशी धरत, हिरवा दिवा लागल्यावरही दोन्हीकडे बघत. ती वैतागे. "Sir Ajoba so scared one," असं इथल्या मुलांच्या इंग्रजीत मला सांगे.

आमची शेवटची फेरी गेल्या वर्षी झाली. कॅम्पवर जीप थांबली आणि सर दार उघडून उतरले. छत्री मागच्या सीटवर तशीच. मुटुआनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, दमले असतील.

दोन दिवसांनी आम्ही एका सुक्या ओढ्याच्या काठानं चाललो होतो. काठात तरसाचं बीळ होतं, तोंडाशी हाडांचे तुकडे, उग्र वास. असं बीळ लांबूनही दिसलं की सर सगळ्यांना थांबवून मोठा वळसा घ्यायला लावत. मी वळसा घेतला. वळून बघते तर सर जमिनीवर पालथे झोपलेले, आणि त्यांचा उजवा हात खांद्यापर्यंत बिळात.

मुटुआ धावला, त्यानं सरांचे दोन्ही पाय धरले आणि त्यांना पोत्यासारखं मागे ओढलं. आतून गुरगुर आली, खोल, लांबट. आम्ही सगळे पळालो. सर पळाले नाहीत. मुटुआनं त्यांना काखेत धरून नेलं. त्यांच्या हातात एक हाड होतं, आणि तोंडावर हसू. निर्मळ, पोराचं असावं तसं.

"बघ," ते मला म्हणाले. "काय सापडलं."

ते शेळीच्या पायाचं हाड होतं. या वर्षीचं. त्याला अजून सुकलेलं कातडं चिकटलं होतं. एरवी हे हाड त्यांनी वीस पावलांवरून ओळखून सोडून दिलं असतं. आता ते उलटसुलट करून, कौतुकानं बघत होते.

संध्याकाळी जेवताना बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रोफेसर शेवटी शूर झाले, म्हणाले. सरही हसले आणि स्वतःसाठी टाळ्या वाजवल्या. मुटुआ ताट धुवायच्या निमित्तानं माझ्याजवळ आला. "त्यांना घरी घेऊन जा," तो इंग्रजीत म्हणाला. "लवकर."

परतीच्या विमानात सर माझ्या शेजारी गाढ झोपले. हात मांडीवर मोकळे पडलेले. मी त्या हातांकडे बघत जागी होते.

काकूंना सांगितलं तर त्या आधी हसल्या. "अगं, मला तर बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी माणूस शांत झोपतोय. परवा माझ्याबरोबर तलावावर आले, उडी मारायला निघाले होते. पोहता कुठं येतंय त्यांना." हे शेवटचं वाक्य बोलता बोलता त्या थांबल्या. मग त्यांनीच विषय बदलला.

माझ्याही मनात काहीतरी टोचत होतं, पण त्याला नाव नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीसाठी मुलीची दुपार कशी बंद करायची. ईरा त्यांच्याकडे जात राहिली.

त्या शनिवारी मी तिला आणायला बिशानला उतरले तेव्हा उत्तरेकडे आभाळ काळं झालं होतं. काकूंचा फोन आला की दोघं पार्कात गेलीत, तिकडूनच घे. बिशानच्या पार्कातून नदी वाहते. एरवी ती घोट्याएवढी असते, मुलं दगडांवरून उड्या मारत पलीकडे जातात. वरच्या अंगाला पाऊस झाला की मात्र बघता बघता चढते, म्हणून काठानं दिवे आणि भोंगे लावलेत. मी पार्कात शिरले आणि भोंगा सुरू झाला. लाल दिवे फिरू लागले. लोक गवताच्या उतारावरून वर येत होते, कुत्री ओढत, सायकली ढकलत, कुणी घाबरलेलं नाही, रोजचंच असल्यासारखे. मी गर्दीत ईराला शोधत होते. मग खाली नजर गेली.

नदीच्या मधोमध, दगडांवर, ती दोघं उभी होती. पाणी तांबूस झालं होतं आणि दगडांच्या कडांवरून वाहत होतं. सरांनी ईराचा हात धरला होता. मनगटाशी नाही, बोटांनी, सैल. दुसऱ्या हातानं ते तिला वरच्या बाजूला काहीतरी दाखवत होते.

मी उतारावरून कशी आले ते मला आठवत नाही. पाण्यात पाय टाकला तेव्हा ते गुडघ्याला लागलं आणि ओढू लागलं. मी दगड धरत धरत गेले. ईरा रडत नव्हती. ती भीतीच्या पलीकडे गेली होती, ओठ निळे, डोळे माझ्यावर.

"Mama, he don't want to come out," ती म्हणाली. "I tell him already."

मी तिला काखेत घेतलं. सरांचा दंड धरला आणि ओढला. ते हललेच नाहीत. वजनदार माणूस नव्हे, पण हलेनात.

"सर, चला. पाणी येतंय."

"हो, बघ ना कसं येतंय," ते म्हणाले. "अगं, काही होत नाही."

इतक्या वर्षांत हे तीन शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. ईरा माझ्या मानेला घट्ट धरून होती, पाणी मांडीपर्यंत आलं होतं, आणि माझ्या अंगातली सगळी भीती त्या तीन शब्दांनी एका जागी गोळा झाली. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तेच तोंड. तेच डोळे. आत मला ओळखणारं माणूसही होतं. फक्त ज्यानं मला घळीतून बाहेर काढलं, तो तिथं नव्हता.

मी त्यांचा दंड सोडला आणि ईराला घेऊन निघाले. आधी तिला काठावर नेलं. दोन मलाय मुलगे आमच्याकडे बघून धावत खाली आले होते. त्यांनी पाण्यात उतरून सरांना दोन्ही बाजूंनी धरलं आणि काठाला आणलं. आम्ही उतार चढून वर आलो आणि मागे बघितलं, तेव्हा दगड दिसत नव्हते. सर त्या मुलग्यांचे हात हलवून आभार मानत होते. अगदी आनंदात.

डॉक्टरांनी मेंदूचे फोटो दाखवले. काकूंनी मला बरोबर नेलं होतं. पुढचा भाग आणि बाजूचा भाग आक्रसत चाललाय, डॉक्टर म्हणाल्या. स्मरण बरेच दिवस राहील. आधी जातं ते भलं-बुरं ओळखणं, धोका ओळखणं. गेलेलं परत येत नाही. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे ते घाबरणार नाहीत आता?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक नाही."

"कशालाच?"

डॉक्टरांनी मान हलवली. बाहेर कॉरिडॉरमध्ये सर एका अनोळखी म्हाताऱ्याशी खळखळून हसत बोलत होते. काकू दाराशी थबकल्या.

"मी धीट आहे असं सगळे म्हणतात," त्या मला म्हणाल्या. "मला कधी घाबरावंच लागलं नाही गं. घरात एक माणूस दिवसरात्र तेच काम करत होता."

नंतरच्या महिन्यांत खिडक्यांना जाळ्या बसल्या. फ्लॅटच्या दाराबाहेरच्या लोखंडी गेटला कुलूप आलं. किल्ली काकूंच्या गळ्यात. गॅसचा मुख्य खटका बंद. सर तक्रार करत नसत. जाळीतून खाली बघत, नवव्या मजल्यावरून, कठड्यावर पोट टेकवून, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारत. काकूंचं पोहणं सुटलं. त्या बारीक झाल्या. स्वयंपाक करताना दर मिनिटाला मागे वळून बघायची सवय त्यांना लागली. लिफ्टचा आवाज आला की दचकत. मी त्यांच्याकडून निघून घरी पोचले की फोन घेऊन बसे, तो वाजत नसे, आणि ते न वाजणं मला रोज नव्यानं ऐकू येई. ईराला मी पुन्हा तिकडे एकटी सोडली नाही. ती कधी कधी झोपेत पाण्याबद्दल बोलते.

यंदाच्या फेरीची जबाबदारी माझ्यावर आली. सरांच्या जागी जायचं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बिशानला गेले. सर जमिनीवर मांडी घालून आइस्क्रीम खात होते. मी सांगितलं, उद्या निघतेय. कुठं, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"हां, छान जागा आहे," ते म्हणाले. "मजा कर."

चमचा पुन्हा वाटीत गेला. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी आइस्क्रीमच्या हातानंच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हसले.

काकू मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. मागे गेटला कुलूप लावून, ते दोनदा ओढून बघून. लिफ्ट आली, मी आत गेले, पण त्यांनी दारावर हात ठेवला. दार मिटायला जाई, त्यांच्या हाताला लागून परत उघडे.

"तिथं," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "मला असलं काही बोलता येत नाही गं. हे सगळं ह्यांनी बोलायचं असायचं. पण तू निघालीयस, आणि घरात कुणी घाबरलंच नाही, हे बरोबर नाही."

"काकू, मी नीट जाऊन येईन."

"ते नको सांगूस." त्यांचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "नीट येशील हे तुला काय माहीत? पाणी जवळ ठेव. एकटी कुठं जाऊ नकोस. आणि पोचलीस की मला, मला फोन कर. कितीही वाजले असू देत. मी उचलेन."

लिफ्ट सूचना देऊ लागली, की दारातून बाजूला व्हा. काकू बाजूला झाल्या नाहीत. मी दारावर टेकलेला त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.